एळ्ळाच्या पुड्यांची बोणी

त्रिविक्रम मास्तरांचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. माणूस वाईट असता तर चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. पण मेला चांगला होता, हुशार होता, मनापासून शिकवायचा, आणि त्यानंच माझ्या नणंदेचं वाटोळं केलं. अशा माणसाला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

नणंद म्हणजे क्षमा, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. सोळाव्या वर्षी शिरा गावी दिली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा काविळीनं गेला. सासरे गुंडोराव. त्यांचं घर मोठं, जावा-दीर, पोरंबाळं, आल्यागेल्याचा राबता. त्यांना फुकटात स्वयंपाकीण मिळाली. पहाटे सोवळ्यानं चुलीपुढे बसायचं, दुपारी पाठ टेकायची, की पुन्हा संध्याकाळच्या चुलीची वेळ. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा मी तिचे हात पाहिले. सगळे चटके. पोरगी बोलायचीसुद्धा विसरली होती. विचारलं तर हो, नाही, एवढंच. मी ह्यांना सांगितलं, ही परत जाणार असेल तर मीही माझ्या आईकडे चिकपेटेला चालले, तुमचं तुम्ही शिजवून खा.

आमचे हे म्हणजे रघुपतीराव. राजाजीनगरात कारखान्यात टाइमकीपर, तिथंच क्वार्टर. स्वभावानं अगदी मऊ. कुणी आवाज चढवला की ह्यांचा उतरलाच. ते शिऱ्याला जाऊन गुंडोरावांशी बोलले आणि एक अट घेऊन परत आले. मुलगी शाळा शिकते आहे तोवर बेंगळुरात राहू दे. एस.एस.एल.सी. पास झाली, कुठं नोकरीला लागली, तर आमचं म्हणणं नाही. पण शाळेतून नाव निघालं, की दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी. ह्यांनी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

शाळेतही काही पायघड्या घातल्या नव्हत्या कुणी. मुलींचं हायस्कूल ते. हेडमास्तर बिंदुमाधवराव आपल्यातलेच, लांबून नात्यातले. क्षमाकडे पाहिलं, तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, “वहिनी, घेतो मी. पण एक सांगून ठेवतो. एका जरी पालकाची तक्रार आली, तर मला नाव काढावं लागेल. मग माझ्याकडे येऊ नका.” मी म्हटलं, सरी, चालेल. तेव्हा काय, आत शिरणं महत्त्वाचं होतं.

झालं असं, की त्याच सुमारास सरकारनं हायस्कुलांना बहुउद्देशीय करायचं काढलं होतं, आणि ह्या शाळेला वाणिज्य शाखा मिळाली. मुली आणि व्यापार! आयाबाया हसल्या. आमच्या लोकांत तर व्यापार म्हणजे नाक मुरडायची गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत लेखणी घासली सगळ्यांनी, दुकानात बसणं म्हणजे कमीपणा. म्हणून त्या वर्गाला मुली मिळेनात. जिला कुठं जागा नाही ती तिथं. शिंप्याची कमला तिथं, आमची क्षमा तिथं. आणि शिकवायला हे त्रिविक्रम मास्तर. नुकते बी.कॉम. झालेले, लग्न नाही, घरी आई नाही, खाणावळीत जेवायचे.

पण शिकवायचे मात्र काय! पुस्तक मिटून ठेवायचे आणि पोरींना बाजारात धाडायचे. एका गल्लीत दोन किराणा दुकानं, एकापुढे रांग आणि दुसरा माशा मारतोय, ते का, शोधून या. फुलवाली संध्याकाळी भाव का उतरवते, विचारून या. आमची क्षमा, जी महिनोन्‌महिने घराच्या दाराबाहेर पाऊल टाकत नव्हती, ती मल्लेश्वरमच्या बाजारात उभी राहून दुकानदारांना प्रश्न विचारायला लागली. घरी आली की माझ्यामागे स्वयंपाकघरात हजर. “वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे का, कोपऱ्यावरचा शेट्टी गूळ असा समोर का ठेवतो? माशा बसतात तरी ठेवतो, कारण...” आणि मग सुरूच. मी पोळ्या लाटत ऐकायची. कळायचं अर्धंच, पण तिचा चेहरा बघत राहायची. अगं बाई, केवढं बोलत होती ती! कमलाच्या बापाला हिनं सांगितलं, शिवलेली झंपरं आत घडी करून कशाला ठेवता, दारात टांगा. त्यानं टांगली, आणि गिऱ्हाईक वाढलं. तो भेटला की मला हात जोडायचा.

मास्तरांची एक सवय होती. प्रत्येक गोष्ट करून झाली की सगळ्या पोरींना बसवायचे आणि विचारायचे, काय झालं आणि का झालं? उत्तर खरं पाहिजे, गोड नको. क्षमा त्यात सगळ्यांच्या पुढे. मला वाटायला लागलं, सुटली ही. आता हिला कुणी चुलीपुढे बसवू शकत नाही.

मग एकसष्ट सालची संक्रांत आली.

मास्तरांनी ठरवलं, दहावीच्या पोरींनी खरोखरचा धंदा करायचा. शाळेच्या आवारात एक दिवस बाजार, बाहेरच्या लोकांना खुला, ट्रस्टीही बघायला येणार. काय विकायचं ते पोरींनी शोधायचं. बाकीच्या रुमाल, रांगोळी, असलं काहीतरी बोलत होत्या. क्षमा दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “वहिनी, राजाजीनगरात सासवा नाहीत.”

मी म्हटलं, “देव पावला म्हणायचं. पण त्याचं काय?”

“सगळी नवी क्वार्टर्स. नवरा-बायको आणि मुलं. सासवा गावाकडे. मग संक्रांतीचं एळ्ळु करायला कोण आहे? कोब्बरी किती बारीक कापावी लागते, गूळ कापावा लागतो, तीळ भाजायचे, दाणे सोलायचे. चार दिवस आधीपासून बसावं लागतं. एकटी बाई, अंगावर मूल, नवऱ्याची कारखान्यात पाळी. तयार पुडी मिळाली तर ती घेणार नाही?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. मी स्वतः दरवर्षी कोब्बरी, म्हणजे सुकं खोबरं, कापताना बोटं कापून घ्यायची आणि माझ्या डोक्यात हे कधी आलं नाही. आता सगळीकडे एळ्ळाच्या पुड्या विकत मिळतात. तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मास्तर तर आनंदानं नाचायचे बाकी राहिले. तिलाच त्यांनी मॅनेजर केलं. आमच्या घरात आठवडाभर नुसता खोबऱ्याचा वास. कमला आणि बाकीच्या पोरी यायच्या, पण कापणं बहुतेक क्षमाचंच, कारण तिच्यासारखे बारीक एकसारखे तुकडे कुणालाच जमत नव्हते. चूल सांभाळून सांभाळून हात तयार झालेला. बटर पेपरच्या पुड्या, वर लाल दोरा. एवढं देखणं काम की ह्यांनी एक पुडी उचलून नुसती फिरवून पाहिली आणि परत ठेवली, खायची छाती झाली नाही.

आणि पोरगी अक्कलशून्य नव्हती, हे लक्षात घ्या. तिला सगळं ठाऊक होतं. संक्रांत हा सवाष्णींचा सण, आणि एळ्ळु म्हणजे इकडचा तिळगूळच. हळदीकुंकवाबरोबर द्यायचं ते. आणि बोणी! दिवसाची पहिली विक्री कुणाच्या हातून होते, त्यावर दिवस ठरतो असं मानणारी माणसं आपण. दुकानदार बोणीला उधार देत नाही, घासाघीस करू देत नाही, आणि विधवेचा हात तर नकोच नको. तेव्हा क्षमानं योजना केली होती. टेबलाशी कमला बसेल. कमला गोरीगोमटी, हसरी, हातभर बांगड्या. आपण आत वर्गात बसायचं, माल पुरवायचा, काय संपलं काय उरलं ते बघायचं. गिऱ्हाइकाला मी दिसायचं कारणच नाही, म्हणाली. असं काही सरळ, शांत म्हणाली की मला भडभडून आलं. पण तिला वाईट वाटत नव्हतं. तिच्या लेखी तो धंद्याचा हिशेब होता.

ती हे मास्तरांना सांगायला गेली, आणि मास्तर उखडले.

ती घरी आली ती रडवेली. “सर म्हणाले, ही शाळा आहे. इथं असली अंधश्रद्धा चालणार नाही. मॅनेजर तू आहेस, टेबलाशी तूच बसशील, पहिली पुडी तूच विकशील.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच पदर खोचून शाळेत गेले. मास्तर फळा पुसत होते.

“मास्तर,” मी म्हटलं, “तुम्ही कधी हळदीकुंकवाला गेला आहात का?”

ते गोंधळले. “मी? नाही.”

“मग तुम्हाला कोणी सांगितलं सवाष्णी काय विकत घेतात आणि कुणाच्या हातून घेतात? पोरीनं तुम्हाला नीट सांगितलं होतं. कमला बसू दे पुढे.”

“वहिनी, काळ बदलला आहे,” ते म्हणाले. आवाज अगदी नरम, तोच मला जास्त झोंबला. “व्यापारात कुणी हात बघत नाही, माल बघतात. आणि तिला मीच मागे लपवलं, तर मी तिला शिकवलं काय? एकदा लोकांनी तिच्या हातून घेतलं ना, की कायमची भीती जाईल. तिचीही आणि लोकांचीही.”

“आणि नाही घेतलं तर? एका पालकानं तक्रार केली तर तिचं नाव जातं, हे ठाऊक आहे ना तुम्हाला? नाव गेलं की ती शिऱ्याला. जन्मभर चूल. तुमची भीती घालवायला माझी नणंद कशाला पाहिजे तुम्हाला?”

“कोणी तक्रार करणार नाही,” ते म्हणाले. “मी आहे ना.”

मी आहे ना! आजही कुणी असं म्हटलं की मला कापरं भरतं. मी त्यांच्यापुढे हात जोडले, चिडले, बोलू नये ते बोलले. दगडावर डोकं आपटल्यासारखं. शेवटी क्षमाच म्हणाली, “राहू दे वहिनी. सर म्हणतात तर बसते मी.” तिला त्या माणसाबद्दल इतका आदर होता. त्यानंच तिला बोलतं केलं होतं ना.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. आवारात टेबलं मांडलेली, पताका लावलेल्या. एळ्ळाचं टेबल अगदी फाटकासमोर, चांगली जागा, तीही क्षमानंच निवडलेली. ती पांढऱ्या, बारीक निळ्या काठाच्या साडीत टेबलामागे बसलेली. हात मांडीवर घट्ट धरलेले. शेजारी कमला, पण मास्तरांनी बजावलेलं, माल क्षमाच देईल. स्वतः मास्तर मागे उभे, नवरदेवासारखे खुश.

बायका आल्या. ढिगानं आल्या, क्षमाचा अंदाज अगदी बरोबर होता. फाटकातून शिरल्या की पहिलं लक्ष पुड्यांकडे. “अय्यो, एळ्ळु! तयार! किती बारीक कापलंय बघा गं!” हात पुढे यायचा. मग नजर वर जायची. आणि हात असा अलगद मागे. कुणी पदर सावरला, कुणी मुलाला हाक मारली, कुणी “मागून येते हं” म्हणून पुढे सरकली. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. रुमालाच्या टेबलावर झुंबड, आणि इथं पुड्यांचा डोंगर तसाच.

मला राहवेना. मी पुढे झाले, मोठ्यांदा म्हटलं, “मला दे गं चार पुड्या! बोणी माझी!” मी सवाष्ण, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. क्षमानं पुड्या दिल्या.

तेवढ्यात भागुबाईंचा आवाज आला. भागुबाई म्हणजे भजनी मंडळाच्या पुढारीण, त्यांची मुलगी नववीत. “घरच्याच माणसानं घेतलं तर ती बोणी कसली, विमलाबाई?” भोवतीच्या दोघी-चौघी हसल्या. मग त्यांनी टेबलाकडे नीट बघितलं, क्षमाकडे बघितलं, आणि त्यांचं हसू गेलं. “म्हणजे हिच्या हातून? सणाच्या तोंडावर? मुलींच्या हळदीकुंकवाचं?” आणि तरातरा हेडमास्तरांच्या खोलीकडे निघाल्या.

मी त्यांच्यामागे धावले. “भागुबाई, माझं ऐका, लहान आहे ती, शाळेतलं आहे हे नुसतं...” त्या वळल्यासुद्धा नाहीत. आतून त्यांचा आवाज येत होता. असल्या शाळेत मी माझी मुलगी ठेवणार नाही. आज आत्ता माझ्या मुलीचं नाव काढा, नाही तर त्या पोरीचं काढा.

बिंदुमाधवराव बाहेर आले. घामाघूम. टेबलाशी जाऊन क्षमाला हळूच म्हणाले, “बाळ, तू आत वर्गात जाऊन बस.” ती उठली. मास्तर मध्ये पडले, “सर, हे बरोबर नाही, तिनं काय केलंय?” हेडमास्तर म्हणाले, “त्रिविक्रमराव, आज ट्रस्टी येणार आहेत. तुमचा वर्ग चालू राहायला हवा की नको?” आणि मास्तर गप्प. मी बघत होते, ह्या माणसाच्या तोंडून आता काही तरी निघेल. काही निघालं नाही.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. “वहिनी, अट तुम्हाला ठाऊक होती. सोमवारी मी नाव काढतो. मला दोष देऊ नका.”

“दोष तुम्हाला नाही देत,” मी म्हटलं, “लाज देते. घेतलीत तर.”

टेबलाशी आता एकटी कमला. तिच्या डोळ्यांत पाणी, पण बापाच्या दुकानात वाढलेली पोर ती. डोळे पुसून ओरडायला लागली, “या अक्का, एळ्ळु घ्या, बारीक कोब्बरी, ताजा गूळ!” एक बाई आली. दुसरी आली. मग रीघ. ज्या “मागून येते” म्हणाल्या होत्या त्या खरंच मागून आल्या. आणि भागुबाई! त्याच भागुबाई आल्या, पुडी नाकाशी नेली, “वास काय सुरेख आहे” म्हणाल्या आणि सहा पुड्या पिशवीत टाकल्या.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. कापलं कुणी, भाजलं कुणी, दोरा बांधला कुणी? तिच्याच बोटांनी प्रत्येक तुकडा झालाय, खा आता! ओरडून सांगणारच होते. तोंड उघडलंही. तेवढ्यात वर्गाच्या खिडकीत क्षमा दिसली. ती माझ्याकडेच बघत होती. तिनं मान हलवली. नको. मग एका पोरीला खिडकीशी बोलावून तिनं काही तरी सांगितलं. ती पोरगी पळत टेबलाशी आली आणि कमलाला म्हणाली, “क्षमाक्का सांगतेय, लहान पुड्या पुढे घे, मोठ्या मागे ठेव. लहान आधी जातील.” गजांमागून ती तिचा धंदा चालवत होती. मी तोंडात पदर कोंबून झाडाखाली बसले.

दुपार उलटायच्या आत सगळा माल संपला. बाकी कुठल्याच टेबलाचं एवढं गेलं नव्हतं.

ट्रस्टी आले ते त्यानंतर. हणमंतराव, चिकपेटेत कापडाची मोठी पेढी, डोक्याला जरीचा रुमाल बांधलेला, बोलायला दिलखुलास. मुलींना वर्गात बसवलं, आम्ही बायका मागे भिंतीशी उभ्या राहिलो. क्षमाही शेवटच्या बाकावर होती. ट्रस्टींसाठी टेबल मांडलं होतं, त्यावर बक्षीस, एक फाउंटन पेन मखमलीच्या डबीत. मास्तर पांढरेफटक पडले होते. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. हणमंतरावांनीच विचारला.

“मी आलो तेव्हा तुमच्या शिपायाकडून ऐकलं,” ते हसत म्हणाले, “सकाळी एळ्ळाची एक पुडी खपत नव्हती, आणि मग तासा-दोन तासांत सगळा माल साफ. मी आयुष्य दुकानात काढलंय, मला असं कधी जमलं नाही. सांगा बघू, मध्ये काय बदललंत? भाव उतरवलात?”

कमला खाली बघत होती. हेडमास्तर खाकरले. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. पुढच्या बाकावर भागुबाईंची मुलगी चुळबुळ करत होती.

मागून आवाज आला. “भाव तोच होता. माल तोच. जागाही तीच.” क्षमा उभी होती. वर्गात उत्तर देताना उभी राहायची तशी, ताठ. “फक्त मी उठले.”

“तू उठलीस? म्हणजे?” हणमंतरावांना काही उलगडलं नाही. त्यांना ती मागे नीट दिसतही नव्हती. “पण मुद्देसूद उत्तर दिलंस! माल, भाव, जागा! वा! मॅनेजर हीच ना? ये, पुढे ये, बक्षीस तुझंच.” त्यांनी डबी उचलली, पेन काढलं, हात पुढे केला.

ती बाकांमधून चालत आली. ती टेबलापुढे उभी राहिली, आणि हणमंतरावांनी तिचं कपाळ पाहिलं. मोकळं कपाळ, मोकळे हात, ती साडी.

“अस्सं,” ते म्हणाले.

त्यांच्या मुलाचं लग्न होतं त्याच महिन्यात, पत्रिका आमच्याकडेही आली होती. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. पेन टेबलावर ठेवलं, क्षमाच्या बाजूला थोडं सरकवलं, आणि दुसरीकडे बघत म्हणाले, “घे. तिथून घे.”

तिनं पेनाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. “सर,” ती म्हणाली, “काय झालं ते सांगितलं. का झालं ते आता सगळ्यांनी पाहिलं.” आणि पेन तिथंच सोडून ती सरळ दाराबाहेर पडली. मी मागोमाग.

फाटकाशी मास्तरांनी आम्हाला गाठलं. धापा टाकत होते. “क्षमा, थांब. मी राजीनामा देतो. उद्याच देतो. बघतो तुझं नाव कसं काढतात ते.”

“नको सर,” ती म्हणाली. “तुम्ही गेलात तर वर्ग बंद होईल. कमला कुठं जाईल?”

आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. खोटं नाही बोलत मी, त्या माणसाला सुटल्यासारखं झालं. खांदे खाली आले. लगेच स्वतःचीच शरम वाटून त्यानं डोळे वळवले, पण मी पाहायचं ते पाहिलं होतं. तिनंही पाहिलं असणार.

“पुढच्या वर्षी कुणाला मॅनेजर केलंत,” ती एवढंच म्हणाली, “तर ती काय सांगते ते ऐका, सर.”

वाटभर मी बडबडत होते. हेडमास्तरला, भागुबाईला, त्या पेढीवाल्याला, मास्तरला, ज्याला जे सुचेल ते. रडत होते आणि बडबडत होते. मी गुंडोरावांच्या पाया पडेन, दुसरी शाळा शोधू, मी पोळ्या लाटून विकेन, पण तुला पाठवणार नाही. ती माझा हात धरून चालत होती. मीच लहान असल्यासारखी.

घरी आलो तर हे पाळीवरून आलेले, दारातच खुर्ची टाकून वाट बघत बसलेले. येताना त्यांनी मैसूरपाक आणला होता, पुडा मांडीवर. आम्हाला बघून उठले.

“काय गं, खपलं का सगळं?”

“हो अण्णा,” क्षमा म्हणाली. “एक पुडी उरली नाही.”

“मी म्हणत नव्हतो!” त्यांना काय करू नि काय नको असं झालं. माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. “आता कोण अडवतंय तुला! थांब, गुंडोरावांना आत्ताच्या आत्ता पत्र टाकतो. पोरीनं सगळ्या शाळेत पहिला नंबर काढला म्हणून लिहितो. कळू दे म्हाताऱ्याला.”

“पत्र नका टाकू अण्णा,” ती म्हणाली. वाकून तिनं चपला कडेला नीट लावल्या. “मी सकाळच्या बसनं शिऱ्याला चाललेय. पत्राच्या आधी मीच पोचेन.”

हे पुडा हातात धरून तसेच उभे राहिले. माझ्याकडे बघत होते, मी काही तरी सांगेन म्हणून. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.